चाचण्यांचीच परीक्षा घेणारे ‘पिट’ : एक परीक्षण

जावा प्रकल्पाच्या डॅशबोर्डवर कोड कव्हरेजचा आकडा नव्वदीच्या पुढे गेला, की व्यवस्थापक निर्धास्त होतात आणि प्रोग्रॅमरही त्या आकड्याकडे बोट दाखवून मोकळे होतात. प्रत्यक्षात कव्हरेज एवढेच सांगते, की चाचण्या चालू असताना कोडची अमुक ओळ एकदा तरी अंमलात आली. त्या ओळीने दिलेले उत्तर कोणी तपासले की नाही, याविषयी ते अवाक्षरही काढत नाही. एखाद्या चाचणीतली सगळी असर्शन्स (उत्तर अपेक्षेप्रमाणे आहे का, हे पडताळणारी विधाने) काढून टाकली, तरी कव्हरेज तसूभरही कमी होत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशीच अवस्था असलेले चाचणी-संच या क्षेत्रात थोडेथोडके नाहीत. ‘पिट’ किंवा ‘पिटेस्ट’ हे जावासाठीचे म्युटेशन टेस्टिंगचे साधन नेमक्या या ठिकाणी बोट ठेवते. ते तुमच्या कोडमध्ये मुद्दाम छोटे बिघाड करते, प्रत्येक बिघाडासह चाचण्या चालवते आणि एकही चाचणी नापास झाली नाही, तर तो बिघाड ‘वाचला’ अशी नोंद अहवालात करते. असा बिघाड केलेल्या कोडला ‘म्युटंट’ म्हणतात आणि वाचलेला प्रत्येक म्युटंट म्हणजे चाचण्यांच्या नजरेतून सुटलेली एक शक्यता.

ही कल्पना नवी नाही. रिचर्ड लिप्टन यांनी विद्यार्थिदशेत, 1971 साली, ती प्रथम मांडली आणि डीमिलो, लिप्टन व सेवर्ड यांच्या 1978 सालच्या लेखाने तिला सैद्धान्तिक बैठक दिली. त्या बैठकीची दोन गृहीतके आजही जशीच्या तशी वापरली जातात. पहिले असे, की सक्षम प्रोग्रॅमर जवळजवळ बरोबर कोड लिहितो, म्हणजे त्याच्या चुका लहान असतात. आणि दुसरे असे, की लहान चुका पकडणाऱ्या चाचण्या त्या चुकांच्या संयोगातून होणाऱ्या मोठ्या चुकाही बहुतांशी पकडतात. पहिले गृहीतक जरा उदारच आहे, असे कोणाही अनुभवी माणसाला वाटेल. पण साधनाचा उपयोग त्यावाचून अडत नाही. अडत होते ते गणनेच्या खर्चापाशी. हजारो बिघाड आणि प्रत्येकामागे संपूर्ण चाचणी-संच, हा गुणाकार परवडत नसल्यामुळे हे तंत्र कित्येक वर्षे विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतच राहिले. हेन्री कोल्स यांनी तयार केलेल्या ‘पिट’चे खरे श्रेय या गुणाकाराला आटोक्यात आणण्याचे आहे.

ते कसे साधले आहे, हे पाहण्यासारखे आहे. ‘पिट’ मूळ सोर्स कोडला हात लावत नाही. ते कंपाइल झालेल्या बाइटकोडमध्ये, म्हणजे जावा यंत्रणा प्रत्यक्ष चालवते त्या रूपात, बदल करते आणि तो बदललेला क्लास डिस्कवर न लिहिता मेमरीतच ठेवते, त्यामुळे प्रत्येक म्युटंटसाठी पुन्हा कंपाइल करण्याचा वेळ वाचतो आणि चुकून बिघडलेला कोड कुठे शिल्लक राहण्याची भीतीही उरत नाही. सुरुवातीला ते एकदा साधे कव्हरेज मोजते आणि कोणती ओळ कोणत्या चाचण्यांमुळे अंमलात येते याची नोंद करून ठेवते. त्यानंतर एखाद्या ओळीत बिघाड केला, की फक्त त्या ओळीपर्यंत पोहोचणाऱ्या चाचण्या चालवल्या जातात, त्यातही लवकर संपणाऱ्या आधी, आणि एक चाचणी नापास झाली की त्या म्युटंटचे काम तिथेच थांबते. ज्या ओळीपर्यंत एकही चाचणी पोहोचत नाही, तिथल्या म्युटंटसाठी काहीच चालवले जात नाही. तो थेट ‘नो कव्हरेज’ म्हणून नोंदला जातो. वाढवण्याच्या जागी कमी करणारा बिघाड केल्यामुळे एखादे लूप संपायचे नावच घेत नसेल, तर चाचणीला मुळात लागणाऱ्या वेळेच्या सव्वापट अधिक चार सेकंद एवढी वाट पाहून ‘पिट’ तो म्युटंट पकडला गेल्याचे मानते. हे दोन्ही आकडे बदलता येतात, पण सहसा बदलावे लागत नाहीत.

मांडणी सोपी आहे. मेव्हन आणि ग्रेडल या दोन्ही बिल्ड-साधनांसाठी (कोड कंपाइल करून चाचण्या चालवणाऱ्या साधनांसाठी) प्लगिन उपलब्ध आहेत आणि बिल्ड फाइलमध्ये मोजक्या ओळी घातल्या की पहिला अहवाल हाती येतो. एक खाचखळगा मात्र नवख्यांना हमखास भेटतो. जेयुनिट या जावातल्या चाचण्या लिहिण्याच्या चौकटीच्या पाचव्या आवृत्तीसाठी, म्हणजे जेयुनिट 5 साठी, वेगळे प्लगिन जोडावे लागते. ते विसरले, तर ‘पिट’ला एकही चाचणी सापडत नाही आणि नीट चाचण्या असलेल्या प्रकल्पाचा अहवाल शून्य टक्के दाखवतो. जेयुनिटची ही आवृत्ती इतकी रुळलेली असताना हा आधार मुळातच अंगभूत असायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी अट अशी, की सुरू करताना चाचणी-संच पूर्ण हिरवा असला पाहिजे. बिघाड न करताच एखादी चाचणी नापास होत असेल, तर ‘पिट’ कामाला लागण्याचेच नाकारते. ही अट जाचक वाटते, पण तिच्यातून एक आनुषंगिक लाभ होतो. रोजच्या बिल्डमध्ये सुखाने पास होणाऱ्या, परंतु एका विशिष्ट क्रमानेच चालणाऱ्या, म्हणजे आधीच्या चाचणीने मागे ठेवलेल्या अवस्थेवर विसंबून असणाऱ्या चाचण्या ‘पिट’खाली लगेच उघड्या पडतात, कारण तिथे क्रम आणि निवड दोन्ही बदलतात.

आता प्रत्यक्ष अहवाल काय दाखवतो, ते एका उदाहरणाने पाहू. लॉगिनचे चुकीचे प्रयत्न मोजून, ते पाच किंवा त्याहून अधिक झाले की खाते बंद करणारी एक छोटी मेथड आहे, असे समजू. तिच्यासाठी दोन चाचण्या लिहिलेल्या आहेत. तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते चालू असते, हे एक तपासते. सात प्रयत्नांनंतर ते बंद होते, हे दुसरी. दोन्ही चाचण्यांत असर्शन आहे, दोन्ही फांद्या अंमलात येतात, ओळींचे आणि शाखांचे कव्हरेज शंभर टक्के आहे. कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी कोड तपासतात तेव्हा, यावर कोणी आक्षेप घेईल असे वाटत नाही. ‘पिट’ मात्र तुलनेचे चिन्ह बदलून ‘पाच किंवा अधिक’च्या जागी ‘पाचपेक्षा अधिक’ अशी अट करते. तीन प्रयत्नांनंतर खाते अजूनही चालूच, सात प्रयत्नांनंतर अजूनही बंदच. दोन्ही चाचण्या पास, म्युटंट सहीसलामत. अहवालात त्या ओळीशेजारी ‘चेंज्ड कंडिशनल बाउंडरी’ आणि पुढे ‘सर्व्हाइव्ह्ड’ असा शेरा येतो. नियमाचा सगळा अर्थ ज्या पाच या आकड्यात आहे, तोच आकडा कोणी तपासलेला नाही, हे त्या एका शेऱ्यातून कळते. नेमक्या पाच प्रयत्नांची तिसरी चाचणी लिहिली, की म्युटंट मारला जातो. सीमारेषेवरची मूल्ये तपासावीत, हे चाचणीशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवतात आणि सगळ्यांना ते पाठही असते. पण कुठल्या ओळीवर ते राहून गेले, हे ओळ क्रमांकासह सांगणारी दुसरी साधी पद्धत माझ्या पाहण्यात नाही.

याहूनही उपयुक्त ठरतो तो काहीही न परतवणाऱ्या मेथडचा कॉल काढून टाकणारा बिघाड. त्याच मेथडमध्ये खाते बंद केल्यावर सुरक्षा-नोंदवहीत एक नोंद करणारा कॉल आहे असे धरा. चाचणीत त्या नोंदवहीच्या जागी मॉक (चाचणीपुरती नकली वस्तू) वापरलेला असतो आणि त्या मॉकवर काय झाले हे तपासण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. ‘पिट’ तो कॉल गाळते, सगळ्या चाचण्या पूर्ववत पास होतात. व्यवहारात याचा अर्थ असा, की उद्या कोणी रिफॅक्टरिंग (वर्तन न बदलता कोडची फेरमांडणी) करताना ती ओळ अनवधानाने उडवली, तर लेखापरीक्षणाच्या दिवसापर्यंत ते कोणाच्या ध्यानात येणार नाही. आमच्या टीममध्ये ‘पिट’चे पहिले अहवाल वाचताना सर्वाधिक चर्चा याच प्रकारच्या म्युटंटांवर झाली, कारण इथे प्रश्न फक्त चाचणीचा राहत नाही, हा कॉल खरोखर आवश्यक आहे का, असल्यास त्याची जबाबदारी कोणाची, हेही विचारावे लागते. काही ठिकाणी चाचणी वाढली, तर काही ठिकाणी कोडच कमी झाला. लॉगिंगच्या प्रचलित लायब्ररींचे कॉल ‘पिट’ मुळातच वगळते, हे समजूतदारपणाचे आहे. नाहीतर अहवाल निरर्थक शेऱ्यांनीच भरून गेला असता.

अहवालाच्या मांडणीविषयी मात्र मी तितकासा समाधानी नाही. एचटीएमएल पानावर फिका हिरवा रंग ओळ अंमलात आल्याचे आणि गडद हिरवा म्युटंट मारले गेल्याचे दाखवतो. फिका गुलाबी कव्हरेज नसल्याचे आणि गडद गुलाबी म्युटंट वाचल्याचे. वरच्या बाजूला ओळींचे कव्हरेज, म्युटेशन कव्हरेज आणि ‘टेस्ट स्ट्रेंग्थ’ असे तीन आकडे असतात. यातला तिसरा विशेष कामाचा आहे, कारण तो ज्या ओळींपर्यंत चाचण्या पोहोचल्या तेवढ्याच ओळींतल्या म्युटंटांचा हिशेब करतो, म्हणजे ‘चाचणीच नाही’ आणि ‘चाचणी आहे पण कच्ची आहे’ हे दोन वेगळे आजार वेगळे दिसतात. इथवर सारे ठीक. पण बिघाड बाइटकोडमध्ये होत असल्यामुळे बदललेली ओळ सोर्सच्या रूपात दिसत नाही, फक्त बदलाचे वर्णन दिसते. एकाच ओळीत तीन अटी ‘आणि’ने जोडलेल्या असतील, तर ‘निगेटेड कंडिशनल’ असे तीन शेरे एकाखाली एक येतात आणि वाचलेला त्यातला नेमका कोणता, हे ताडत बसावे लागते. शिवाय मांडणी पॅकेज आणि क्लासनिहाय आहे. महत्त्वाचे आधी, किरकोळ नंतर असा क्रम नाही. मोठ्या प्रकल्पाचा पहिला अहवाल उघडला, की शेकडो गुलाबी ओळींपुढे माणूस हतबल होतो आणि बहुतेक टीम इथेच हे साधन सोडून देतात.

दुसरी अडचण साधनाची नसून तंत्राचीच आहे. काही बिघाड केल्यानंतरही प्रोग्रॅमचे वर्तन मुळीच बदलत नाही. यादीतली सर्वांत मोठी संख्या शोधणारे लूप घ्या. आताची संख्या आजवरच्या कमालपेक्षा मोठी असेल, तर ती कमाल म्हणून ठेवायची. इथे ‘मोठी’च्या जागी ‘मोठी किंवा समान’ केले, तर समान संख्या आल्यावर कमालच्या जागी तीच किंमत पुन्हा लिहिली जाते. उत्तर तेच राहते. असा म्युटंट मारणारी चाचणी जगात कोणालाही लिहिता येणार नाही. एखादा म्युटंट या प्रकारचा आहे की नाही हे सर्व प्रसंगी ठरवणारी स्वयंचलित रीत असूच शकत नाही, ही गणितसिद्ध गोष्ट आहे. त्यामुळे शेवटी माणसाला बसून वाचावेच लागते, आणि शंभर टक्के म्युटेशन स्कोअरचे उद्दिष्ट ठेवणे हे अशक्यप्राय गोष्टीचे उद्दिष्ट ठेवणे ठरते.

वेळेचा प्रश्न वर सांगितलेल्या युक्त्यांनी सौम्य होतो, संपत नाही. शुद्ध तर्काचा, म्हणजे गणिते, नियम, पार्सिंग, तपासण्या अशा प्रकारचा कोड आणि त्यावरच्या मिलिसेकंदांत संपणाऱ्या युनिट चाचण्या (कोडचा एकेक छोटा भाग सुटा तपासणाऱ्या) असतील, तर ‘पिट’ आश्चर्य वाटावे इतके चपळ आहे. याउलट प्रत्येक चाचणी स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचा संपूर्ण कॉन्टेक्स्ट, म्हणजे जवळजवळ सगळे अ‍ॅप्लिकेशनच, उभा करत असेल किंवा डेटाबेसशी बोलत असेल, तर पहिल्याच धावेत हात टेकावे लागतात. तेव्हा अशा, अनेक भाग एकत्र तपासणाऱ्या इंटिग्रेशन चाचण्या वगळून टाकणे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे. थ्रेडची संख्या वाढवली की वेग वाढतो, परंतु चाचण्या स्वतंत्र जेव्हीएम (जावा कोड चालवणारे आभासी यंत्र) प्रक्रियांत समांतर चालत असल्यामुळे एकाच पोर्टवर किंवा एकाच फाइलवर हक्क सांगणाऱ्या चाचण्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. मागच्या धावेचा इतिहास जपून फक्त बदललेल्या भागाचे पुन्हा विश्लेषण करण्याची सोय आहे, तसेच व्हर्जन कंट्रोलमध्ये बदललेल्या फाइलींपुरतेच काम मर्यादित ठेवण्याचीही सोय मेव्हनच्या प्लगिनमध्ये आहे. माझ्या मते या दोन सोयींशिवाय मध्यम आकाराच्या प्रकल्पातही ‘पिट’ रोजच्या वापरात टिकणार नाही.

कधी पास तर कधी नापास होणाऱ्या चंचल चाचण्यांविषयी इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. अशी चाचणी म्युटंट चालू असताना योगायोगाने नापास झाली, तर ‘पिट’ तो म्युटंट मारला गेल्याचे मानते. म्हणजे चाचण्या जितक्या बेभरवशाच्या, तितका स्कोअर उगाचच चढा. अहवालात प्रत्येक मारल्या गेलेल्या म्युटंटपुढे कोणत्या चाचणीने तो मारला, हे दिलेले असते. तिथे भलत्याच मॉड्यूलमधल्या चाचणीचे नाव पुन्हा पुन्हा दिसू लागले, तर त्या चाचणीकडे संशयाने पाहावे.

स्कोअरचा उंबरठा ठरवून त्याखाली बिल्ड नापास करण्याची सोय ‘पिट’मध्ये आहे आणि वरिष्ठांना ती फार आवडते. मला ती सर्वांत धोकादायक वाटते. आकडा वाढवायचा म्हणून लिहिलेल्या चाचण्या वर्तनाऐवजी रचनेला चिकटतात. एखाद्या संदेशाचा अक्षर न् अक्षर मजकूर, अंतर्गत कॉलचा नेमका क्रम, असल्या गोष्टी त्या गोठवून टाकतात आणि पुढे साधा बदल करायचा म्हटला तरी दहा चाचण्या मोडतात. गुगलमधल्या अभियंत्यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात जी पद्धत सांगितली आहे, ती मला अधिक विवेकी वाटते. तिथे संपूर्ण कोडचा स्कोअर मोजत बसण्याऐवजी कोड रिव्ह्यूच्या वेळी बदललेल्या ओळींवरचे मोजके म्युटंट दाखवले जातात आणि लॉगिंगसारख्या ज्या ओळींवर बिघाड करण्यात अर्थ नाही, त्या आधीच गाळल्या जातात. रिव्ह्यू करणाऱ्याला एक नेमका प्रश्न विचारता येतो, की ही अट उलटी केली तरी चाचण्या पास होतात, हे चालेल का? ‘पिट’ने पुल रिक्वेस्टपुरता, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळण्यासाठी मांडलेल्या बदलापुरता, अहवाल तयार करून जवळपास तीच शिस्त छोट्या टीमलाही पाळता येते.

या साधनाकडून काय अपेक्षा करू नये, हेही स्पष्ट असावे. जो कोड लिहिलाच गेला नाही, त्यात बिघाड करता येत नाही. म्हणून विसरलेली आवश्यकता, न हाताळलेली रिकामी यादी, न केलेली परवानगीची तपासणी यांचा सुगावा ‘पिट’ला लागत नाही. दोन थ्रेडच्या चढाओढीतून उद्भवणारे दोष, कामगिरी आणि सुरक्षेचे प्रश्न हेही त्याच्या कक्षेबाहेरचे आहेत. त्यासाठी स्पॉटबग्ज किंवा सोनारक्यूबसारखी स्थिर विश्लेषणाची साधने आणि भार-चाचण्या लागतातच. ‘पिट’शी सर्वांत चांगली जोडी जमते ती गुणधर्म-आधारित चाचण्यांची, उदाहरणार्थ ‘जेक्विक’ची. तिथे एकेक उदाहरण न देता नियम सांगायचा असतो आणि मूल्ये साधनच निर्माण करते. सांगितलेला नियम खरोखर घट्ट आहे की पोकळ, हे म्युटंट लगेच दाखवून देतात. मात्र अशी चाचणी एका वेळी शेकडो मूल्ये तपासत असल्यामुळे ‘पिट’च्या धावेसाठी ती संख्या कमी ठेवावी.

‘पिट’ मोफत आहे, अपाची परवान्याखाली खुले आहे आणि त्याचे दस्तऐवजीकरण आटोपशीर असले तरी नेमके आहे. कॉटलिन ही जावाच्याच यंत्रणेवर चालणारी भाषा वापरणाऱ्यांची मात्र निराशा होईल, कारण कंपायलरने स्वतःहून घातलेल्या बाइटकोडमध्येही बिघाड होऊन निरर्थक म्युटंट वाढतात. कॉटलिनसाठीचा नीट आधार ‘आर्कम्युटेट’ या सशुल्क जोड-प्लगिनमधून घ्यावा लागतो. ज्यांना तपशील नको, फक्त कोणत्या मेथड मुळीच तपासल्या जात नाहीत एवढे हवे, त्यांनी ‘देकार्त’ हे पर्यायी इंजिन लावून पाहावे. ते मेथडचा सगळा मजकूर काढून टाकते किंवा एखादी ठरीव किंमत परत करायला लावते, त्यामुळे म्युटंटांची संख्या बरीच घटते आणि पहिल्या अहवालाची भीती वाटत नाही. जावास्क्रिप्ट, सी शार्प आणि स्काला यांच्यासाठी ‘स्ट्रायकर’, तर पायथनसाठी ‘म्युटमट’ ही याच जातीची साधने आहेत.

ज्या प्रकल्पात नियमांचे किंवा गणिताचे एक तरी ठळक मॉड्यूल आहे आणि त्याच्या युनिट चाचण्या वेगवान आहेत, त्याने ‘पिट’ वापरावेच, अशी माझी शिफारस आहे. केवळ एका सेवेकडून माहिती घेऊन दुसरीकडे पोहोचवणाऱ्या पातळ कोडसाठी ते घेऊ नये. तिथे वाचलेले म्युटंट खूप आणि त्यातून मिळणारे ज्ञान थोडे, असा व्यवहार होतो. सुरुवात करताना एकच पॅकेज निवडावे, बिघाडांचा मूळ संच तसाच ठेवावा, इतिहासाची सोय चालू करावी आणि उंबरठा शून्यावर सोडून द्यावा. पहिले काही आठवडे फक्त दोन प्रकारचे शेरे वाचले तरी पुरे, सीमारेषा बदलल्याचे आणि कॉल गाळल्याचे. उरलेल्या शेऱ्यांकडे टीमला ते वाचण्याची सवय झाल्यावर वळता येते.